झाडावरून पडलेल्या माणसाला उचलायच्या आधी

प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. यवतमाळकडच्या एका भावाचे मामाजी चिंचा झोडायला झाडावर चढले, फांदी मोडली, पंधरा-सोळा फुटांवरून खाली आले. आधी पायावर आदळले अन् मग बसल्यासारखे धपकन पडले. पोट्टे धावले, दोघांनी काखेत हात घालून उचललं, ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं, मग मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून बारा किलोमीटर दवाखान्यात नेलं, तिथून नागपूर. ऑपरेशन झालं पण कमरेखाली काही हलत नाही. भाऊ विचारून राहिले की हे आमच्यामुळं झालं का, तेव्हा ओळखायचं कसं होतं, आणि उद्या गावात पुन्हा असं झालं तर नेमकं करायचं काय.

मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून नऊ वर्ष काढली, २०१४ ला गाड्या सुरू झाल्या तेव्हापासून. आता ग्रामीण रुग्णालयात आहे. जे पाहिलं, हातानं केलं, त्यावरूनच सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तोच प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोरीला, जो मार बसतो तो बहुतेक वेळा त्या आदळण्याच्या क्षणालाच बसलेला असतो. मणका फुटतो, त्याचा तुकडा मागे सरकतो अन् दोरीवर दाबतो, हे सगळं माणूस जमिनीवर थांबायच्या आतच झालेलं असते. त्यानंतर काही तास आतली सूज वाढत जाते, म्हणून अगदी नीट हाताळलेला पेशंटसुद्धा पहिल्या दिवशी जरा बिघडू शकतो. तुमच्या मामाजींचं त्यातलं किती पडताना झालं अन् किती गाडीवर, हे आता जगातला कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही, कोणी सांगत असेल तर तो अंदाज मारून राहिला. पण हेही लपवत नाही की फुटलेला मणका घेऊन माणसाला बसवणं अन् मोटरसायकलवर खड्ड्यांतून नेणं ही त्या दोरीसाठी सगळ्यात वाईट गोष्ट आहे. कारण बसलं की वरच्या अंगाचा सगळा भार त्या फुटक्या मणक्यावर येते आणि पाठ पुढं वाकते. तुम्हाला माहीत नव्हतं, घाईत अन् जिवाच्या ओढीनं केलं. ते तिथंच सोडा, आता पुढचं ऐका.

पाठीचा कणा म्हणजे ३३ मणके, मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, आणि खालचे एकमेकांना जुळून गेलेले. मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, जाडीला आपल्या करंगळीएवढा, अन् मऊ, पिकल्या केळासारखा समजा. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली नसांचा झुपका असतो घोड्याच्या शेपटीसारखा. उंचावरून पायावर किंवा ढुंगणावर पडलं की मार बसतो तो छाती अन् कमर जिथं जुळते तिथं, कारण वरचा भाग फासळ्यांनी घट्ट बांधलेला अन् खालचा मोकळा, मग मधातच तुटते. डोक्यावर पडलं की मान जाते. अन् मानेतल्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या नसांवर श्वासाचा पडदा चालतो, तिथं मार बसला तर प्रश्न पायांचा राहतच नाही, श्वासाचा होतो.

आता ओळखायचं कसं. सगळ्यात मोठी खूण पेशंटच्या अंगावर नसते, तो कसा पडला यात असते. म्हणून मी गावात पोचलो की पहिला प्रश्न "काय दुखते" असा नाही विचारत, "कसा पडला, कोणी पाहिलं" असं विचारतो. आपल्या उंचीपेक्षा वरून पडला, चिंच, आंबा, चारोळी, मोह कुठलंही झाड असो, घराचं छप्पर शाकारताना असो, विजेच्या खांबावरून शॉक लागून असो. विहिरीत किंवा तलावात मुंडकं खाली करून उडी मारली. बंडी उलटली, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गाडी हाकणारा धुरकरी फेकला गेला. बैलानं शिंगावर उचलून आपटलं. थप्पीवरून पोतं मानेवर आलं. मोटरसायकल रानडुकराला धडकली. आणि घाबरून सोडवलेला गळफास. यातलं काहीही असेल तर कणा गेलाय असंच धरून चालायचं, डॉक्टर नाही म्हणेपर्यंत. म्हाताऱ्या माणसांचं वेगळं, आजी न्हाणीत नुसती घसरून बसली तरी तिचा मणका चेपू शकते, हाडं ठिसूळ झालेली असतात, पडलेली उंची तिथं पाहूच नका.

मग अंगावरच्या खुणा. मान किंवा पाठ मधोमध दुखते, हाडावर. हातापायाला मुंग्या, झिणझिण्या, "पाय जड झाले", "पाय माझे नाहीतच असं वाटते", कमरेभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं. हाताची मूठ आवळता येत नाही. कपड्यात लघवी-संडास झालेली अन् त्याला पत्ताच नाही. तरण्याबांड पुरुषाचं लिंग कारण नसताना ताठलेलं, हे सांगायला लोक लाजतात पण ही मज्जारज्जूच्या मोठ्या इजेची खूण आहे, पोट्टे हसतात तिथं, हसू देऊ नका. अन् श्वास बघा, छाती हलून राहिली नाही, फक्त पोट वर-खाली होऊन राहिलं, तर मानेचं आहे अन् वेळ कमी आहे. नाडीचं एक गंमतशीर आहे, रक्त जास्त गेलं की नाडी फास्ट होते अन् अंग थंड-घामेजलेलं, पण मज्जारज्जूच्या मोठ्या इजेत बीपी पडूनही नाडी संथ राहू शकते अन् अंग गरम-कोरडं लागते. तरी गावात बसून हा फरक ओळखायच्या मागं लागू नका, दोन्ही एकत्र असू शकतात, पोटात रक्त जात असेल तर तेच आधी मारते.

खुणा नसल्या तरी फसायचं नाही. तीन जणांवर मी विश्वास ठेवत नाही: प्यायलेला (दारूबंदीचा जिल्हा असो की नसो, मोहाची असतेच), डोक्याला मार लागून गुंगीत असलेला, आणि ज्याची मांडी वगैरे तुटली आहे तो, कारण त्याचं सगळं ध्यान त्या मांडीकडं असते अन् मानेचं दुखणं त्याला जाणवतच नाही. "उठून चालत आला ना, मग काय होते" हे तर अजिबात ऐकू नका. मणका फुटलेली माणसं स्वतःच्या पायानं चालत माझ्या ओपीडीत आलेली आहेत.

तपासायचं असेल तर एवढंच: पायाचे अंगठे हलव म्हणा, दोन्ही हातांनी माझी बोटं दाब म्हणा, डोळे मिटायला लावून पायाला बोट लावून कुठं लावलं विचारा. मान फिरवून बघ, उठून बघ, कमर हलवून बघ, असं काही करायला लावायचं नाही. अन् जे दिसलं ते वेळेसकट कोणीतरी मोबाईलमध्ये लिहून ठेवा, "४:१० ला अंगठे हलत होते" असं. पुढं सर्जनला ह्या एका ओळीचा जेवढा उपयोग होते तेवढा नातेवाईकांच्या अर्ध्या तासाच्या गोष्टीचा नाही होत.

आता करायचं काय, पडल्यावरची पहिली दहा मिनिटं.

जागा आधी बघा. शॉकनं पडला असेल तर लाईट बंद झाल्याशिवाय हात लावू नका, झाडावर आग्यामोहोळ उठलं असेल तर तुम्ही चौघं तिथंच पडाल. मग एकानं १०८ लावायचा, एकानंच, दहा जणांनी दहा ठिकाणी नाही. फोनवर सांगताना "माणूस उंचावरून पडला, पाय हलत नाहीत, शुद्धीवर आहे" असं सांगा, गावाचं नाव, फाटा कोणता, अन् फाट्यावर एक पोट्टा गाडी घेऊन उभा करा, कारण आमचा अर्धा वेळ पांदणीत रस्ता शोधण्यातच जातो.

दुसऱ्यानं डोकं धरायचं. हे काम लोकांना काम वाटतच नाही म्हणून नीट सांगतो. पेशंटच्या डोक्याच्या मागे गुडघ्यावर बसा किंवा पालथे झोपा, कोपरं जमिनीवर किंवा स्वतःच्या मांडीवर टेकवा, नाहीतर पाच मिनिटांत हात थरथरते. दोन्ही पंजे डोक्याच्या दोन बाजूंनी लावा, कान झाकू नका, त्याला ऐकू आलं पाहिजे. ओढायचं नाही, दाबायचं नाही, डोकं जसं सापडलं तसंच तिथंच धरून ठेवायचं. मान वाकडी असेल अन् श्वास चांगला चालू असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका. एकदा एका शेतात, तूर कापून झालेल्या वावरात, मी असा चाळीस मिनिटं बसलो होतो, तुरीचे खुंट गुडघ्यात घुसत होते अन् पँट रक्तानं भरली, पण हात सोडला नाही कारण तो माणूस सारखा बायकोकडं वळून बघायचा प्रयत्न करत होता. मग बायकोलाच त्याच्या डोळ्यांसमोर आणून उभं केलं. तेव्हापासून नियमच केला, पेशंटशी बोलणाऱ्यानं त्याच्या समोर, त्याला दिसेल असं उभं राहायचं, बाजूनं हाक मारायची नाही. अन् हो-नाहीचे प्रश्न विचारताना आधीच सांगायचं की मुंडी हलवू नको, तोंडानं बोल. माणसाला विचारलं "दुखते का" की तो मुंडीच हलवते.

मानेचा पट्टा नसला तर टॉवेल गुंडाळून गळ्याला बांधू का असं विचारतात. नको. गळ्याला काही बांधायचं नाही, श्वास अडकते, डोक्यातल्या रक्ताचं परतणं अडते, आणि मान त्यानं फारशी थांबतही नाही. दवाखान्यातला पट्टासुद्धा ज्याला शिकवलंय त्यानंच लावावा. हात थकले तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर किंवा मातीनं भरलेल्या छोट्या पिशव्या लावा, पण हात तोवर सोडू नका.

पाणी पाजायचं नाही. हे मला माहीत आहे की गावात सगळ्यात अवघड आहे, उन्हात पडलेला माणूस पाणी मागून राहिला अन् डॉक्टर म्हणते देऊ नको. पण झोपलेल्या स्थितीत ठसका लागला की मान झटकते, उलटी झाली की श्वासनळीत जाते, अन् पुढं भूल द्यायची असते. ओल्या फडक्यानं ओठ पुसा, बस.

ऊन मात्र गंभीरपणे घ्या. मान किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू गेला असेल तर त्याच्या खालचं अंग घामच सोडत नाही, शरीराला तापमान सांभाळता येत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री असते, अशा माणसाला तापल्या जमिनीवर ठेवलं तर तो उष्माघातानंच जाईल. त्याला सावलीत न्यायच्या ऐवजी सावली त्याच्यावर आणा, धोतर, लुगडं, बाजरीची ताट्टी, जे असेल ते चार काठ्यांवर धरा. अन् हिवाळ्यात उलटं, अंग थंड पडत जाते, तेव्हा घोंगडं टाका, पण गरम विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, शेगडी, काही म्हणजे काही पायाशी ठेवू नका. ज्या पायाला कळतच नाही तो भाजला तरी ओरडणार नाही.

आता याला अपवाद, अन् ते या सगळ्यापेक्षा मोठे आहेत. श्वास आधी, मणका नंतर. माणूस बोलत नाही, श्वास थांबला किंवा नुसता आचका देऊन राहिला, तर सरळ पाठीवर घ्या अन् छातीच्या मधोमध दाबायला सुरू करा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. मणक्याचा विचार करत हात बांधून उभं राहायचं नाही. श्वासनळी उघडताना आधी डोकं न हलवता खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढं ढकलून बघा, त्यानं श्वास मोकळा नाही झाला तर सरळ हनुवटी उचला अन् मान मागं करा, लुळा माणूस मेलेल्या माणसापेक्षा बरा, हे कडू आहे पण खरं आहे. रक्ताची धार लागली असेल तर तीही आधी दाबा. आग, वाढतं पाणी, गाडी पेटायची भीती, अशा वेळी ओढून काढा, काखेत हात घालून अंगाच्या सरळ रेषेत मागं ओढा, आडवं नाही.

उलटी होऊ लागली तर एकट्यानं नाही, चौघांनी मिळून कुशीवर वळवायचं. डोकं धरणारा बोलेल तेव्हाच सगळे हलणार, दुसरा कोणी "हं चला" म्हणायचं नाही. एक खांद्याशी अन् कमरेशी, दुसरा मांडीशी अन् पोटरीशी, हात एकमेकांवरून आडवे घेऊन, अन् "एक दोन तीन" ला अख्खा माणूस ओंडक्यासारखा एकदम. नाक, बेंबी अन् पायाचे अंगठे एका रेघेत राहिले पाहिजे, मी पोरांना एवढंच शिकवतो. चौथा तोंड साफ करायला किंवा फळी सरकवायला. हे पोळ्याच्या दिवशी, गणपतीत, कधीही चार पोट्टे जमले की एकदा करून बघा, हसत खेळत होते, अन् ऐनवेळी हातांना माहीत असते.

हेल्मेट घातलेला असेल अन् श्वास ठीक असेल तर हेल्मेट काढू नका, काच वर करा. उलटी होऊन राहिली किंवा श्वासाची अडचण असेल तरच काढायचं, तेही दोघांनी, एकानं खालून जबडा अन् मानेचा मागचा भाग धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून हेल्मेट बाजूंनी फाकवून हळूहळू वर.

विहिरीचं वेगळं सांगतो कारण आपल्या भागात उन्हाळ्यात हे होतेच. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलेलं असते, पोट्ट्यांना दिवाळीचंच पाणी ध्यानात असते, अन् मुंडकं खाली करून सूर मारते. एका गावात असा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा चुलतभाऊ पाण्यात कमरेएवढा उभा होता, त्यानं त्याला उताणं तरंगत धरलं होतं, एक हात पाठीखाली कण्याच्या रेघेत लांब, पंजा डोक्याखाली, दुसरा छातीवरून हनुवटीला. वरून सगळे ओरडून राहिले की दोर बांध, ओढतो, अन् हा खालून शिव्या देऊन राहिला की कोणी हात लावायचा नाही. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो म्हणे, "मी उचलायला गेलो त त्याची मान दोरीसारखी लटकली, म्हणून सोडून दिलं, पाणीच त्याला उचलून धरून राहिलं." मुलगा शुद्धीवर होता, मला म्हणाला, "डॉक्टर, माझे हात कुठं आहेत?" हात त्याच्या पोटावरच होते. छाती हलत नव्हती, फक्त पोट. मग गोठ्याचं कवाड बिजागऱ्यांतून काढून खाली सोडलं, पाण्याखालून त्याच्या पाठीशी आणलं अन् वर येऊ दिलं, लाकूडच ते, आपोआप लागलं. बांधलं, अन् आडवंच्या आडवं वर काढलं, चार दोर, चार कोपरे. त्या पोराचे हात पूर्ण नाही आले, पण आज खुर्चीत बसून किराणा दुकान सांभाळते, श्वास स्वतःचा घेते. ते काम माझं नव्हतं, त्या चुलतभावाचं होतं. तर, पाण्यात माणूस श्वास घेत असेल तर घाईनं ओढू नका, तरंगता धरा. श्वास नसेल तर मात्र जसं जमेल तसं, लगेच बाहेर.

आता खरी अडचण, जी पुस्तकात नसते. "हलवू नका, अँब्युलन्सची वाट बघा" हे सांगणं सोपं आहे, पण पावसाळ्यात नाला भरला, गडचिरोलीच्या आतल्या गावात रस्ताच नाही, गाडी पुलापर्यंतच येईल. मग न्यावंच लागते. अशा वेळी खाटेवर नेतात, बरोबरच आहे, पण नुसत्या सुतळीच्या खाटेत माणूस झोळीत पडल्यासारखा मधात खचते अन् पाठ वाकते. म्हणून खाटेवर आधी कवाड किंवा जाड फळी टाका, त्यावर घोंगडी, त्यावर माणूस. खाटेचे खूर धरायला सोपे, फळी कणा सरळ ठेवते, यापेक्षा चांगलं स्ट्रेचर गावात बनत नाही. कमरेच्या अन् मानेच्या पोकळीखाली पातळ फडकं, गुडघ्यांमध्ये अन् घोट्यांमध्ये चादरीची घडी. बांधताना आधी अंग बांधा, छाती, कमर, मांड्या, अन् डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी बांधलं अन् चढावर अंग खाली सरकलं तर मान ओढली जाते. छाती एवढी नका आवळू की श्वास घेता नाही येणार. सोडताना उलटं, डोकं आधी. उलटी झालीच तर अख्खी फळीच कुशीवर करा.

पिकअप मिळाला तर पिकअप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न्यायची वेळ आली तर खाली कुटार जाड पसरा, फळी त्यावर, अन् ड्रायव्हरला बजावा की वीसच्या वर जायचं नाही अन् ब्रेकरवर थांबून चढायचं. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालते. मोटरसायकल, ऑटोत बसवून, किंवा जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन, हे तिन्ही नाही.

अन् निघायच्या आधी खिसे रिकामे करा. ही माझी सनक म्हणतात लोक. एकदा एक माणूस सहा तास प्रवास करून आला, फळीवर नीट बांधलेला, सगळं बरोबर, पण कमरेच्या मागच्या खिशात चुन्याची डबी राहिली होती. त्याला तिथं कळतच नव्हतं. उलटवून पाहिलं तर ढुंगणावर डबीचा गोल, झाकणाच्या कडेसकट, काळानिळा उमटलेला. तो मणका सहा आठवड्यांत जुळला, ती जखम भरायला सात महिने लागले. ज्या भागाला संवेदना नाही त्याच्यावर दोन तास एका जागी दाब राहिला तरी कातडी मरायला लागते, म्हणून डबी, चाव्या, मोबाईल, करदोड्याची गाठ, सगळं काढा, अन् दवाखान्यात पोचल्यावर त्या कडक फळीवरून लवकर गादीवर घ्यायला सांगा. फळी उचलायसाठी आहे, झोपायसाठी नाही.

कुठं न्यायचं. प्राथमिक केंद्रात श्वास, बीपी, सलाईन होईल, लघवीची नळी पडेल, ते गरजेचं आहे, पण तिथं अडकून राहू नका. एमआरआय अन् मणक्याचं ऑपरेशन करणारा सर्जन दोन्ही एका छताखाली हवेत. आपल्याकडं नागपूरचं मेडिकल, एम्स, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम, सावंगी. दाबलेला मज्जारज्जू मोकळा करायचा असेल तर शक्यतो पहिल्या २४ तासांत केलेलं बरं, म्हणून "उद्या सकाळी बघू" नको. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड अन् आधार सोबत घ्या, कागद आणायला परत गाव गाठणाऱ्या नातेवाईकांमुळंच अर्धा दिवस जाते. चोळणाऱ्याकडं, नस बसवणाऱ्याकडं, कमरेवर पाय देणाऱ्याकडं आधी नेऊ नका. मनगट मुरगळलं तर तुम्ही कोणाकडं जाता मला घेणं नाही, पण कण्याला ओढ दिली की परत मागं येता येत नाही.

रस्त्यावर अनोळखी माणूस पडलेला असतो अन् लोक पोलिसांच्या भीतीनं हात लावत नाहीत, तेही सांगून ठेवतो. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय अन् २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून काही झालं म्हणून केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर.

आता मामाजींचं, कारण ते घरी यायचेत. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, पाळ्या लावा घरात. टाचा, माकडहाड, खांदे रोज आरशानं किंवा मोबाईलच्या फोटोनं बघा, लाल डाग दिसला अन् बोटानं दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर भार बंद. लघवीची नळी वाकलेली, अडकलेली नाही ना बघा. पाय दिवसातून दोनदा तरी हलवून द्या, सांधे आखडले की पुढं नस परत आली तरी उपयोग होत नाही. सुधारणा व्हायची ती पहिल्या सहा महिन्यांत जास्त दिसते, नंतरही थोडी होते, कोणी एका महिन्यातच निकाल दिला तर फार मनावर घेऊ नका, अन् कोणी गॅरंटी दिली तर पैसे देऊ नका.

आणि एक काम उद्याच करा. तुम्ही लिहिलंय की ते आधी पायावर आदळले. उंचावरून पायावर पडणाऱ्याचा कमरेचा मणका फुटतो तेव्हा सोबत टाचेचं हाडही फुटलेलं असू शकते, हे जोडीनं येते. एरवी पेशंट स्वतःच टाच धरून ओरडते म्हणून सापडते, पण तुमच्या मामाजींना तिथं काही कळत नाही, ते सांगणार नाहीत अन् मणक्याच्या गडबडीत कोणी पाहिलंही नसेल. राऊंडला आलेल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, दोन्ही टाचांचा एक्सरे झाला आहे का?"